‘पण’च्या पुढे काय येतं

बर्मिंगहॅमला अगदी खेटून स्मेथिक नावाचं गाव आहे. एकेकाळी ते कोल्हापूरकरांना ओळखीचं वाटेल असं होतं: फाउंड्र्या, धूर आणि पाळीवर जाणारी माणसं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या फाउंड्र्यांना हात कमी पडायला लागले, तेव्हा पंजाबातून आलेल्या शिखांनी भट्टीजवळची, इतरांना नको असलेली कामं धरली. १५ ऑक्टोबर १९६४ रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. देशात वारं लेबर पक्षाचं होतं, तेरा वर्षांनी तो सत्तेवर येत होता. स्मेथिकमध्ये मात्र लेबरचे पॅट्रिक गॉर्डन वॉकर, म्हणजे परराष्ट्रमंत्रिपदी ज्यांचं नाव जवळजवळ पक्कं होतं ते, पडले. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या पीटर ग्रिफिथ्स यांनी त्यांना १,७७४ मतांनी पाडलं. ग्रिफिथ्स पेशाने शाळामास्तर.

त्या प्रचारात एक घोषणा गावभर फिरत होती: काळा शेजारी हवा असेल, तर लेबरला मत द्या. इंग्रजीत ‘काळा’च्या जागी जो शब्द होता तो इथे लिहिण्यासारखा नाही. ग्रिफिथ्स यांचं म्हणणं असं, की घोषणा आपण काढलेली नाही. पण तिचा निषेध करायलाही त्यांनी नकार दिला. ही लोकभावना आहे, असं म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही, एवढंच ते बोलले. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत त्यांची संभावना ‘महारोगी’ अशी केली. पुढे ग्रिफिथ्स यांनी आपली बाजू मांडायला पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘रंगाचा प्रश्न?’ असं, शेवटी प्रश्नचिन्हासकट.

त्या प्रश्नचिन्हाकडे पाहून मला दरवेळी थोडं हसू येतं. अख्खी निवडणूक ज्या गोष्टीवर जिंकली, ती गोष्ट खरंच होती का, असं लेखकच विचारतो आहे.

दरम्यान, याच गावातल्या मार्शल स्ट्रीटवरची रिकामी होणारी घरं नगरपालिकेने विकत घ्यावीत आणि ती फक्त गोऱ्या कुटुंबांना द्यावीत, अशी योजना पुढे आली. गृहनिर्माणमंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी तिला पैसा मिळू दिला नाही, म्हणून ती बारगळली. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या निमंत्रणावरून १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स ही गल्ली पाहायला आला. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला.

या प्रकरणात मला अशा माणसांबद्दल लिहायचं आहे, जी स्वतःला वंशवादी म्हणवून घ्यायला मुळीच तयार नसतात, पण मत देतात, झेंडा धरतात, वर्गणी भरतात ती मात्र परक्यांना हाकलू पाहणाऱ्या पक्षाला. ही माणसं खोटं बोलतात, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. काही बोलतातही. पण पुष्कळांचा स्वतःच्या शब्दावर खरोखर विश्वास असतो, आणि खरं कोडं तेच आहे.

त्यांच्या वाक्याची घडण आधी पाहू. ‘मी वंशवादी नाही, पण…’ नेदरलँड्सचे भाषाशास्त्रज्ञ ट्यून व्हान डाइक यांनी घराघरांतल्या गप्पा, वर्तमानपत्रं आणि संसदेतली भाषणं यांतून अशा वाक्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना आढळलं ते असं: नकार हा सहसा वाक्याच्या सुरुवातीला येतो, कारण पुढे काय येणार आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं. आपण जिना उतरायच्या आधी कठडा धरतो तसा हा नकार धरलेला असतो. आणि नकाराबरोबर बहुधा एक उलटा आरोपही येतो: वंशवादी मी नाही, तेच आहेत, द्वेष मी करत नाही, आम्हालाच बोलू दिलं जात नाही.

मराठी वाचकाला हे व्याकरण नवं नाही. वधू-वर सूचकाच्या रकान्यात ‘आंतरजातीय चालेल’ असं ऐटीत छापलेलं असतं आणि लगेच पुढे, ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व’. जात आणि वंश या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करायचं कारण नाही. मुद्दा त्या ‘क्षमस्व’चा आहे. दार लावून घेताना इतकं सौजन्य!

मराठीतले शब्दही इथे थोडी अडचण करतात. ‘वर्णद्वेष’ म्हटलं की कातडीचा रंग आणि मनातला द्वेष, दोन्ही हवेत असं वाटतं. मग ज्याच्या मनात द्वेष नाही तो आपोआप सुटला. इंग्रजीतल्या शब्दाचंही हळूहळू असंच झालं. वंशवाद ही एक व्यवस्था, एक धोरण, एक कायदा असू शकतो, हे मागे पडलं आणि तो काळजात दडलेला एक रोग ठरला. रोगाची तपासणी रोग्यानेच करायची, आणि निकालही त्यानेच द्यायचा.

या सुटकेची सगळ्यात घासूनपुसून केलेली आवृत्ती इनॉक पॉवेल यांची. त्यांच्यावर थोडं रेंगाळायला हवं, कारण ते अडाणी नव्हते आणि गुंड तर नव्हतेच. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते सिडनी विद्यापीठात ग्रीकचे प्राध्यापक झाले. महायुद्धात लष्करी गुप्तवार्ता विभागात दिल्लीला नेमणूक झाली आणि हिंदुस्थानच्या ते असे प्रेमात पडले, की उर्दू शिकले. एक दिवस इथला व्हाइसरॉय व्हायचं, हे त्यांचं स्वप्न होतं. राजकारणात ते शिरले त्यामागेही हे स्वप्न होतं. ब्रिटन हिंदुस्थान सोडणार हे कळलं, त्या रात्री ते लंडनच्या रस्त्यांवर सुन्न होऊन भटकत राहिले, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. १९५० पासून ते वुल्व्हरहॅम्प्टनचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार. तिथली वस्तीही स्मेथिकसारखीच बदलत होती. १९६७ मध्ये तिथल्या एका शीख बसचालकाने दाढी राखली, पगडी बांधली आणि कामावर गेला, तर त्याला घरी पाठवण्यात आलं. शहरात दोन वर्षं त्यावरून तंटा चालला होता.

२० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅमच्या मिडलँड हॉटेलात पॉवेल बोलायला उभे राहिले. घर आणि नोकरी देताना वंशावरून भेदभाव करता येणार नाही, असं विधेयक तेव्हा संसदेपुढे होतं. त्याला त्यांचा विरोध होता. व्हर्जिलच्या महाकाव्यातली रक्ताने फेसाळणारी नदी त्यांनी भाषणाच्या शेवटी आणली, आणि ‘रक्ताच्या नद्या’ हे नाव त्या भाषणाला कायमचं चिकटलं. पण माझ्या मते, भाषणाची खरी करामत त्या नदीत नाही. ती आहे साक्षीदारांत. सगळ्यात विखारी वाक्यं पॉवेल स्वतःच्या नावावर उच्चारतच नाहीत. एक सांगतो त्यांच्या मतदारसंघातला साधा कामगार: पंधरा-वीस वर्षांत या देशात चाबूक काळ्यांच्या हाती असेल. दुसरी हकिगत पत्रातून येते: गल्लीत एकटी उरलेली गोरी म्हातारी, तिच्या पत्रपेटीतून टाकली जाणारी घाण, आणि तिच्यामागे ‘वंशवादी’ असं ओरडत फिरणारी पोरं. ही बाई कोण, ते पत्रकारांनी तेव्हा खूप शोधलं, सापडली नाही. पॉवेल केवळ निरोप्या. मतदार माझ्याशी बोलला, मी ते न सांगणं हा विश्वासघात ठरेल, अशी त्यांची भूमिका. ग्रिफिथ्स यांची ‘लोकभावना’ इथे चांगले कपडे घालून आली होती.

दुसऱ्या दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना शॅडो कॅबिनेटमधून काढलं. भाषणानंतर तीन दिवसांनी लंडनच्या गोदीतले कामगार, ज्यांची मतं पिढ्यान्‌पिढ्या लेबरला जात, काम टाकून पॉवेल यांच्यासाठी संसदेवर चालून गेले. गॅलपच्या पाहणीत ७४ टक्के लोक त्यांच्याशी सहमत निघाले. पत्रांच्या तर गोण्याच येत होत्या.

पुढच्या जानेवारीत टीव्हीवर डेव्हिड फ्रॉस्ट यांनी त्यांना सरळच विचारलं, तुम्ही वंशवादी आहात का? उत्तर एका पंडिताला शोभेल असं होतं. माणसांमाणसांत, राष्ट्राराष्ट्रांत फरक असतात आणि त्यातले काही वंशाशी जुळतात, एवढं मानणारा तो वंशवादी असेल, तर आपण सगळेच वंशवादी. एक वंश दुसऱ्याहून श्रेष्ठ समजणारा किंवा परक्या वंशाचा म्हणून माणसाचा तिरस्कार करणारा तो वंशवादी असेल, तर ठाम नाही. पाहा, व्याख्या दोनच. एक इतकी रुंद की तिच्यात सगळं जग मावतं, दुसरी इतकी अरुंद की तिच्यात हिटलर सोडून फारसं कुणी बसत नाही. या दोहोंच्या मधली जागा, जिथे आलेल्या माणसांना पैसे देऊन परत पाठवा असं सुचवणारा राजकारणी उभा असतो, ती रिकामीच राहते. पॉवेल खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. उर्दू शायरीच्या प्रेमात असलेला हा माणूस पंजाब्यांचा तिरस्कार करत नसावा. पंजाबी त्याला पंजाबात हवे होते.

हा नकार पूर्वी लागत नव्हता, हे विसरून चालत नाही. १९३० पूर्वी युरोपातला सुशिक्षित माणूस गोऱ्यांचं श्रेष्ठत्व चहा पिता पिता बोलत असे, त्यात लाज कसली ती नव्हती. आउश्वित्झनंतर ते अशक्य झालं. १९५० मध्ये युनेस्कोने शास्त्रज्ञांना एकत्र बसवून वंशांच्या उतरंडीला विज्ञानात आधार नाही असं जाहीर केलं. विचार लगेच मेला असं नाही, त्याने नाव बदललं. ब्रिटिश अभ्यासक मार्टिन बार्कर यांनी १९८१ मध्ये ‘नवा वंशवाद’ असं त्याचं बारसं केलं: रक्ताच्या जागी संस्कृती, ‘खालचे’च्या जागी ‘वेगळे’, आणि आपल्या माणसांत राहावंसं वाटणं हे तर निसर्गाचंच देणं. जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या, की वेगळ्या संस्कृतीच्या लोकांनी देश बुडून जाईल अशी लोकांना भीती वाटते. भीती पुन्हा लोकांची. रंगाचं नाव नाही. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत नॅशनल फ्रंट या उघड वंशवादी पक्षाने ३०३ उमेदवार उभे केले, एकही निवडून आला नाही. त्यांची मतं अधिक सभ्य दुकानात गेली होती.

जर्मनीतलं एक छोटं उदाहरण पुण्या-बंगळुरूच्या लोकांना आवडेल. २००० साली गेरहार्ड श्रोडर यांच्या सरकारने संगणक अभियंत्यांना, मुख्यतः भारतीयांना, ग्रीनकार्ड द्यायचं ठरवलं. ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते युर्गेन रुटगर्स यांच्या प्रचाराला एक यमक चिकटलं: ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुलं. त्यांचा खुलासा असा, की आपल्या मुलांना संगणक शिकवा एवढंच मला म्हणायचं होतं. कट्टर उजव्या रिपब्लिकानर पक्षाने तेच यमक उचलून भिंतींवर लावलं. खुलासा कुणी भिंतीवर लावत नाही.

आता निक ग्रिफिन. पॉवेलची विद्वत्ता त्यांच्यात नव्हती, केंब्रिजची पदवी होती आणि बाजाराची जाण मोठी. ज्यूंच्या नरसंहाराची टवाळी करणाऱ्या लिखाणाबद्दल १९९८ मध्ये त्यांना वांशिक द्वेष भडकावल्याची शिक्षा झाली होती, ती स्थगित ठेवली गेली. १९९९ मध्ये ते ब्रिटिश नॅशनल पार्टीचे, म्हणजे बीएनपीचे, प्रमुख झाले. २००० साली अमेरिकेत ते कू क्लक्स क्लॅनचे माजी म्होरके डेव्हिड ड्यूक यांच्या शेजारी बसून बोलले, त्याची चित्रफीत आहे. त्यात ते खुल्या मनाने सांगतात: वंशशुद्धी ग्राहकाला विकली जात नाही, स्वातंत्र्य, सुरक्षा, अस्मिता, लोकशाही हे विकले जाणारे शब्द आहेत, आधी सत्ता येऊ दे, मग बघू. नकाराचा कारखाना आतून दाखवणारा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

माल विकला गेलाही. २००९ च्या युरोपीय निवडणुकीत बीएनपीला सव्वानऊ लाखांवर मतं आणि दोन जागा मिळाल्या. त्या ऑक्टोबरात बीबीसीने ग्रिफिन यांना ‘क्वेश्चन टाइम’मध्ये बोलावलं, जवळपास ऐंशी लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. शेजारच्या खुर्चीत कृष्णवर्णीय लेखिका बॉनी ग्रीअर. मी नाझी नाही, असं ग्रिफिन घामेजून सांगत राहिले आणि ड्यूक यांची क्लॅन जवळजवळ अहिंसक होती, असंही म्हणून गेले. लोक हसले.

त्या हसण्यावर मी विसंबणार नाही. तीन वर्षं आधी, २००६ मध्ये, लीड्सच्या न्यायालयात हेच ग्रिफिन सुटले होते. एका सभेत इस्लामला दुष्ट धर्म म्हटल्याबद्दल वांशिक द्वेषाचा खटला होता, आणि बचाव एका ओळीत मावणारा: इस्लाम हा धर्म आहे, वंश नाही. ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवलं. तांत्रिकदृष्ट्या ओळ बरोबरच आहे. मुसलमान कोणत्याही रंगाचा असतो. मात्र त्या सभेतल्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे बोस्नियाचा निळ्या डोळ्यांचा मुसलमान उभा राहत होता का? तो ब्रॅडफर्डचा पाकिस्तानी टॅक्सीवाला होता.

याच बीएनपीच्या घटनेत सभासद फक्त गोऱ्या मूळ ब्रिटिशांनाच होता येई. समता आयोगाने २००९ मध्ये कोर्टात खेचलं, तेव्हा फेब्रुवारी २०१० मध्ये पक्षाने ती अट काढली आणि पहिला गोरेतर सभासद पुढे आणला: एक निवृत्त शीख शिक्षक. फाळणीत त्यांचे वडील मारले गेले होते. १९४७ च्या पंजाबातला हिशेब ते २०१० च्या इंग्लंडमध्ये, त्यांच्या स्वतःच्या भाऊबंदांना परत पाठवू पाहणाऱ्या पक्षात जाऊन, चुकता करत होते. त्यांचं दुःख खरं असणार, त्याची टिंगल मला करवत नाही. पक्षाला त्या दुःखाशी देणंघेणं नव्हतं; पक्षाला पगडीतलं एक छायाचित्र हवं होतं. कोर्टाला मात्र छायाचित्र पुरलं नाही. नव्या नियमांत अशी अट होती, की ‘मूळ ब्रिटिश’ लोकांची अखंडता टिकवायला सभासदाने बांधील राहावं, आणि प्रवेशाआधी पक्षाची माणसं त्याच्या घरी येऊन चौकशी करून जातील. हा मागच्या दाराने केलेला भेदभावच आहे, असं न्यायाधीशांनी मार्चमध्ये ठरवलं.

इथवर नेते झाले. मत देणाऱ्याचं काय? त्यासाठी लंडनच्या पूर्व टोकाला, बार्किंग आणि डॅगनमला जावं लागतं. १९२१ पासून तिथे बेकन्ट्री नावाची सरकारी वसाहत उभी राहिली, सुमारे २६,००० घरं. कामगारांना स्वतःचं न्हाणीघर आणि पुढे बाग मिळाली ती इथे. १९३१ मध्ये फोर्डचा कारखाना सुरू झाला, भरभराटीच्या काळात तिथे चाळीस हजारांच्या आसपास माणसं होती. आजोबा फोर्डमध्ये, बाप फोर्डमध्ये, मुलगाही. फेब्रुवारी २००२ मध्ये तिथलं मोटारी जोडण्याचं काम थांबलं. त्याआधी १९८० पासून थॅचर सरकारने सरकारी घरं राहत्या भाडेकरूंना स्वस्तात विकायला सुरुवात केली होती. विकलेल्या घरांच्या जागी नवी बांधली नाहीत. म्हणजे आजोबांना मिळालं तसं घर नातीला मिळायची वाट बंद झाली. आणि विकलेलं घर पुढे खासगी मालकाकडे गेलं, त्याने ते भाड्याने दिलं, भाडेकरू घानाचा किंवा नायजेरियाचा निघाला. नातीला दिसतं ते एवढंच: आजीच्या गल्लीतलं घर, दारात कृष्णवर्णीय कुटुंब. विक्रीचा कायदा दिसत नाही, मालक दिसत नाही. बीएनपीने पत्रक वाटलं, की आफ्रिकी कुटुंबांना इथे राहायला यावं म्हणून पन्नास-पन्नास हजार पौंड दिले जातात. ही शुद्ध थाप होती. २००६ च्या नगरपालिका निवडणुकीत त्यांचे १२ उमेदवार निवडून आले. पुढच्या वर्षी तिथल्या लेबर खासदार मार्गारेट हॉज यांनीच लिहिलं, की घर देताना नव्याने आलेल्यांच्या गरजेपेक्षा इथल्या कुटुंबांच्या हक्काच्या भावनेला वजन द्यावं. निरोप्याचं काम आता समोरचा पक्षही करू लागला होता.

ही नात ‘मी वंशवादी नाही, पण घराचं काय?’ असं विचारते, तेव्हा तिचा प्रश्न खोटा नसतो. घर खरंच नाही. तिच्यावर शिक्का मारून निघून जाणाऱ्या सुखवस्तू लंडनकराबद्दल मला फारसा आदर नाही. पण तक्रार खरी असली म्हणून तिने पकडलेला चोरही खरा ठरत नाही. घर विकलं सरकारने, आणि शिक्षा सुचवली जाते ती भाडेकरूला. २०१० मध्ये ग्रिफिन इथूनच खासदारकीला उभे राहिले. ते पडले, आणि बीएनपीचे सगळे बारा नगरसेवकही त्याच दिवशी गेले. लेबर कार्यकर्त्यांनी त्याआधी घरोघरी जाऊन दारं ठोठावली होती आणि आधी लोकांचं ऐकून घेतलं होतं.

मनाच्या आत काय चालतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी थोडा उजेड टाकला आहे. बेनुआ मोनिन आणि डेल मिलर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना आधी कृष्णवर्णीय उमेदवार निवडण्याची संधी दिली, म्हणजे उमेदवारांत तोच सर्वांत लायक होता. नंतर दुसऱ्या एका नोकरीबद्दल विचारलं, तर ही मंडळी ‘इथे गोराच बरा’ असं म्हणायला जास्त तयार झाली. आधीच्या निवडीने त्यांना स्वतःच्या नजरेत दाखला मिळाला होता. ओबामांना पाठिंबा दर्शवण्याची संधी दिल्यावरही असंच घडतं, असं पुढे मोनिन यांच्याच सहकाऱ्यांना दिसलं. ‘माझे कितीतरी मित्र काळे आहेत’ हे वाक्य ऐकणाऱ्याला पटवायला असतं अशी आपली समजूत. ते बोलणाऱ्यालाच मोकळीक देतं. आणि गंमत अशी, की निनावी पाहणीत ब्रिटनमधल्या ३० टक्के लोकांनी २०१३ मध्ये आपल्या मनात इतर वंशांबद्दल थोडाफार पूर्वग्रह असल्याचं मान्य केलं होतं. चारचौघांत मात्र असं म्हणणारा एकही भेटत नाही.

दाखल्यांचा हा व्यवहार पुढे घाऊक झाला. २००९ मध्ये ल्यूटनला इंग्लिश डिफेन्स लीग निघाली. तिचं ब्रीद: वंशवादी नाही, हिंसक नाही, फक्त आता गप्प बसणार नाही. इथे ‘पण’चं काम ‘फक्त’ करतो. लीगने शिखांचा, ज्यूंचा, समलिंगींचा असे वेगवेगळे विभाग काढले आणि मोर्चे नेले ते मुसलमानांच्या वस्त्यांवरून.

मग युरोप सोडण्याचा वाद आला आणि नकाराला एक नामी युक्तिवाद मिळाला: आमची हरकत पोलंड-रुमेनियाच्या गोऱ्यांना आहे, मग आम्ही वंशवादी कसे? बाहेर पडण्याच्या बाजूचे एक पुढारी नायजेल फराज तर २०१५ मध्ये म्हणाले, की पूर्व युरोपीयांपेक्षा भारतीय आणि ऑस्ट्रेलियन आलेले मला चालतील. बऱ्याच भारतीयांना ते गोड वाटलं. इथे आपला एक धागा नकळत गुंतलेला होता. १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज राज्य असल्यामुळे हजारो गोवेकर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून, युरोपचे नागरिक म्हणून, इंग्लंडला गेले आहेत. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. हे ‘युरोपीय’ दिसायला सावळे, आडनाव फर्नांडिस, बोलणं कोंकणी. त्यांना पोलिश लोकांच्या रांगेत धरायचं की भारतीयांच्या, याचं उत्तर त्या युक्तिवादात नव्हतं. स्विंडनने बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ रोजी, फराज यांनी एका मोठ्या फलकाचं अनावरण केलं, तर त्यावर एकही पोलिश सुतार नव्हता. स्लोव्हेनियाच्या सीमेवरून चाललेली निर्वासितांची रांग होती, बहुतेक चेहरे सावळे. युरोपीय नागरिकांच्या मुक्त प्रवासाशी त्या माणसांचा काडीचा संबंध नव्हता. त्याच दुपारी खासदार जो कॉक्स यांचा खून झाला.

अलीकडचं दृश्य ऑगस्ट २०२४ चं. जुलैच्या अखेरीस साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाली होती. मारेकरी नुकताच आलेला मुसलमान निर्वासित आहे, अशी अफवा पसरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. काही दिवसांत रॉदरहॅमजवळ निर्वासित ठेवलेल्या हॉटेलला, आत माणसं असताना, जमावाने आग लावायचा प्रयत्न केला. नंतर चर्चेत एक शब्दप्रयोग सारखा ऐकू येत होता: ‘रास्त काळजी’. आम्ही हिंसेचं समर्थन करत नाही, पण लोकांची काळजी रास्त आहे. साठ वर्षांपूर्वीची लोकभावना, तीच ही.

मग अशा माणसाशी बोलायचं कसं? तू वंशवादी आहेस की नाही, हा वाद मला व्यर्थ वाटतो. तो एकदा सुरू झाला की सगळा वेळ त्याच्या अंतःकरणाची झडती घेण्यात जातो, आणि झडतीत काही सापडत नाही. ब्रिटनच्या कायद्याने १९७६ मध्ये यातून वाट काढली. नियम सगळ्यांना सारखा असला, पण एका गटाच्या लोकांना तो पाळणं प्रत्यक्षात अशक्य असेल आणि त्याचं दुसरं सबळ कारण देता येत नसेल, तर तो भेदभाव, मग नियम करणाऱ्याचा हेतू काही असो. दोन वर्षांनी त्याची कसोटी बर्मिंगहॅमच्याच एका खासगी शाळेत लागली. एका शीख मुलाला प्रवेश हवा होता. गणवेशात टोपी होती, केस आखूड हवे होते. मुख्याध्यापकांच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्यांच्या शाळेत अनेक वंशांची मुलं होती, काही शीखही होते. मुलांमधले बाहेरून दिसणारे फरक कमी व्हावेत, एवढंच त्यांना हवं होतं. अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग यांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला: शीख हा धर्म आहे, वंश नाही. हीच ओळ पुढे ग्रिफिन यांच्या कामी येणार होती. पण इथे ती टिकली नाही. मार्च १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला. सामायिक इतिहास, भाषा, रीतीभाती असलेला शिखांसारखा समाज कायद्याच्या दृष्टीने वांशिक गटच ठरतो, आणि टोपीचा नियम बेकायदा आहे. मुख्याध्यापकांना कुणी वंशवादी म्हटलं नाही. तो प्रश्नच कोर्टापुढे नव्हता. ‘मंडला खटला’ म्हणून कायद्याचे विद्यार्थी आजही तो शिकतात. निकाल लागला तेव्हा तो मुलगा दुसऱ्या शाळेत जात होता, पगडी बांधून.